खरेदीतल्या आरक्षणाचाही अनुशेष मोजला जावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांच्या वार्षिक अहवालांत सूक्ष्म व लघु उद्योगांकडून केलेल्या खरेदीविषयी एक परिच्छेद हमखास असतो. अहवाल कोणत्याही कंपनीचा असो, या परिच्छेदाची ठेवण बहुधा एकसारखीच दिसते. आधी एकूण खरेदीपैकी २५ टक्क्यांचे उद्दिष्ट पार केल्याची नोंद येते आणि लगेच पुढे, अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठरवलेले ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ठरवलेले ३ टक्के मात्र पात्र पुरवठादार पुरेशा संख्येने न मिळाल्यामुळे गाठता आले नाहीत, असा खुलासा असतो. मी एका केंद्रीय उपक्रमाच्या साहित्य व्यवस्थापन विभागातून निवृत्त झालो आहे आणि असे परिच्छेद कसे तयार होतात हे जवळून पाहिले आहे. ‘पुरवठादारच नाहीत’ हे कारण अगदी खोटे नाही. पण पुरवठादार का नाहीत याचे उत्तर बाजारात जेवढे आहे, तेवढेच ते या धोरणाच्या मसुद्यात आणि आमच्या खरेदीच्या रिवाजात आहे. त्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून काही मुद्दे मांडू इच्छितो.

‘सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण’ २३ मार्च २०१२ रोजी अधिसूचित झाले. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम ११ खाली काढलेला हा आदेश आहे, म्हणजेच त्याच्यामागे कायद्याचे बळ आहे. केंद्रीय मंत्रालये, विभाग आणि उपक्रम यांनी आपल्या वर्षभराच्या वस्तू व सेवांच्या खरेदीपैकी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे त्यात ठरले आणि १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झाले. या २० टक्क्यांचा पाचवा हिस्सा, म्हणजे एकूण खरेदीच्या ४ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखला गेला. नोव्हेंबर २०१८ च्या दुरुस्तीने मूळ उद्दिष्ट २५ टक्क्यांवर नेले आणि त्या २५ पैकी ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी राखले. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. २० चे २५ झाले तेव्हा पाचव्या हिश्शाच्या हिशेबाने ४ चे ५ व्हायला हवे होते. ते ४ वरच थांबले आणि त्याबद्दल फारशी चर्चाही झाली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या ४ टक्क्यांच्या तरतुदीला धोरणातच एक परंतुक जोडलेले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांनी निविदेत भाग घेतला नाही, किंवा निविदेच्या अटी व निम्नतम दर त्यांना पूर्ण करता आले नाहीत, तर हा ४ टक्के हिस्सा इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून काढावा, असा त्याचा आशय आहे. खरेदी अडून राहू नये म्हणून अशी सोय हवी, हे मान्य करायला हरकत नाही. कारखाना चालू आहे, सुटा भाग हवा आहे, आणि राखीव पुरवठादार नाही म्हणून कोणी यंत्र बंद ठेवणार नाही. परंतु या सोयीचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला की न भरलेला हिस्सा त्याच दिवशी संपतो. पुढच्या तिमाहीत तो उभा राहत नाही, पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टात मिळवला जात नाही आणि कोणत्याही अधिकाऱ्याच्या नावावर शिल्लक म्हणून दिसत नाही. एकूण २५ टक्क्यांचा आकडा तर इतरांकडून भरलेला असतोच, तेव्हा व्यवस्थापनाच्या दृष्टीने सगळे ठीक चाललेले असते. उद्दिष्ट न गाठणाऱ्या विभागांनी मंत्रालयाच्या आढावा समितीपुढे कारणे द्यावीत एवढीच काय ती जबाबदारी आहे; दंड नाही की अर्थसंकल्पात कपात नाही.

सरकारी नोकरभरतीतील आरक्षणाशी याची तुलना करून पाहावी. तेथे राखीव पद भरले गेले नाही तर ते अनुशेष म्हणून पुढे ओढले जाते, बिंदुनामावलीत, म्हणजे राखीव पदांच्या नोंदवहीत, दिसते, आणि त्यावरून विधिमंडळात व संसदेत प्रश्न विचारता येतात. अनुशेष भरण्यासाठी खास भरतीमोहिमा झालेल्या आहेत. भरतीतील ही यंत्रणाही निर्दोष नाही, पण न भरलेली जागा निदान मोजली तरी जाते. खरेदीतील न भरलेला हिस्सा मोजलाच जात नाही. परिणाम असा की सूक्ष्म-लघु उद्योगांची एकूण खरेदी २५ टक्क्यांच्या बरीच पुढे गेलेली असतानाही अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा वाटा अनेक वर्षे एका टक्क्याच्याही आत रेंगाळत राहिला. ही आकडेवारी सरकारच्याच ‘एमएसएमई संबंध’ पोर्टलवर आणि संसदेतील उत्तरांत आहे. ज्याला पाहायची त्याने पाहावी.

सर्वसाधारण वाचकांचा एक गैरसमज येथे दूर करायला हवा, कारण या विषयावरील चर्चेत तो नेहमी डोके वर काढतो. राखीव पुरवठादाराला सरकार १५ टक्के जादा दर देते, असे अनेकांना वाटते. तसे अजिबात नाही. निविदेत सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा आला आणि लघु उद्योजकाचा दर त्यापेक्षा जास्तीत जास्त १५ टक्क्यांनी चढा असला, तर त्याला एवढाच अधिकार मिळतो की आपला दर त्या निम्नतम दरापर्यंत खाली आणून त्याने एकूण मागणीच्या २५ टक्क्यांपर्यंतचा पुरवठा करावा. मोठ्या कंपनीने १०० रुपये सांगितले असतील आणि लघु उद्योजकाने ११२, तर त्याला १०० रुपयांतच माल द्यावा लागतो. सरकारी तिजोरीतून जादा पैसा जात नाही. ज्याचे कर्ज महाग, ज्याची कच्च्या मालाची खरेदी किरकोळ दराने आणि ज्याची शेड भाड्याची, त्याने मोठ्या कंपनीच्या दराशी दर जुळवायचा आहे. अनेकदा तो जुळत नाही आणि परंतुकाचा ‘निम्नतम दर पूर्ण करता आला नाही’ हा भाग लागू होतो.

त्यातही हा हिस्सा प्रत्येक निविदेत तुकड्यांनी पाडण्याची पद्धत मला मुळातच चुकीची वाटते. समजा १०० पंपांची मागणी निघाली. तिचे ४ टक्के म्हणजे ४ पंप. चार पंपांसाठी कोणता उत्पादक साचे तयार करील, चाचणीचा खर्च सोसेल आणि तपासणी अधिकाऱ्याची तारीख मिळवण्यासाठी खेटे घालील? तो निविदाच भरत नाही आणि आमच्या नस्तीत ‘सहभाग नाही’ अशी नोंद होते. वास्तविक धोरणातले ४ टक्के हे वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजायचे आहेत. दरेक निविदेतून चिमूटभर बाजूला काढण्याऐवजी खरेदी विभागाने वर्षाच्या सुरुवातीलाच काही संपूर्ण बाबी, म्हणजे ठरावीक आकाराच्या गॅस्केट, हातमोजे, छोटी फॅब्रिकेशनची कामे, मोटारींचे रिवाइंडिंग, कॅलिब्रेशनची सेवा, या उद्योजकांसाठी निश्चित केल्या आणि दोन-तीन वर्षांचा दरकरार केला, तर त्यांना बँकेत दाखवायला काही तरी हाती लागेल. दक्षता विभाग आक्षेप घेईल या भीतीने कोणताही अधिकारी हे आपणहून करणार नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मंत्रालयानेच तसे निःसंदिग्ध परिपत्रक काढून अधिकाऱ्यांना संरक्षण द्यायला हवे.

राखीव बाबींची कल्पना काही नवी नाही. या धोरणात ३५८ वस्तू केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या अशी यादी आहे. झाडू, बादल्या, छत्र्या, बूट पॉलिश, काटेरी तार, नट-बोल्ट अशा वस्तूंची ही यादी वाचताना ती कोणत्या काळातून उतरली आहे हे लगेच लक्षात येते. मात्र वस्तू राखून ठेवता येते, त्याने खरेदी थांबत नाही आणि दक्षता विभागही मान्य करतो, हे या यादीने सिद्ध केले आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिलांच्या उद्योगांसाठी अशीच, पण आजच्या गरजांची यादी करायला काय अडचण आहे?

निविदेच्या पात्रता-अटींबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक जण तेथेच गळतात. इसारा रकमेतून (निविदेसोबत भरायच्या अनामतीतून) सूट आणि निविदा संच विनामूल्य, या दोन सवलती कागदावर आहेत आणि सामान्यतः मिळतातही. पूर्वानुभव व उलाढाल यांची अट शिथिल करता येते, परंतु गुणवत्ता व तांत्रिक निकष सांभाळून, आणि शिथिल करायची की नाही हे खरेदीदार ठरवतो. ‘जेम’ या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरील कोणतीही निविदा उघडून पाहिली की अनुभव व उलाढालीच्या अटीतून सूक्ष्म-लघु उद्योगांना सूट आहे किंवा नाही, अशी एक ओळ तिच्यात दिसते. तेथे ‘नाही’ लिहायला खरेदीदाराला फारसे काही सिद्ध करावे लागत नाही. कार्यालयीन खुर्च्यांसारख्या वस्तूसाठीही तीन वर्षांची उलाढाल आणि तेवढ्याच वर्षांचा सरकारी पुरवठ्याचा अनुभव मागणाऱ्या अटी आढळतात. पहिले काम मिळाल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय पहिले काम नाही, या फेऱ्यात पहिल्या पिढीतला उद्योजक अडकतो. शिवाय वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तू एकाच निविदेत बांधण्याची सवय आहे. फर्निचर, पडदे आणि वातानुकूलन यंत्रे एकत्र मागवली की त्यातली एकच वस्तू बनवणारा आपोआप बाहेर पडतो आणि सगळे बाजारातून गोळा करून देणारा दलाल आत येतो. हे धोरण व्यापाऱ्यांसाठी नाही, उत्पादन करणाऱ्या व सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे. पण निविदेची रचना अशी असेल तर फायदा कोणाचा होणार हे सांगायला नको.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेल्या एका निकालाची मराठी वृत्तपत्रांत हवी तेवढी चर्चा झाली नाही. एका औषध उत्पादक कंपनीने किमान उलाढालीच्या अटीला आव्हान दिले होते. २०१२ च्या आदेशाला कायद्याचे बळ असून त्याची अंमलबजावणी करणे प्रशासनाचे कर्तव्य आहे आणि त्या कर्तव्यपालनाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. प्रत्येक उद्योजकाला प्रत्येक निविदेत काम मिळण्याचा वैयक्तिक हक्क मात्र त्यातून निर्माण होत नाही, असेही म्हटले. आणि उलाढालीच्या अटींचा प्रश्न आढावा समिती व तक्रार निवारण कक्षाने तपासावा, असा निर्देश दिला. निकाल संयमी आहे. पण ‘हे धोरण केवळ मार्गदर्शक आहे’ असे आमच्या खात्यांत जे सर्रास बोलले जात असे, ते यापुढे बोलता येणार नाही.

दरम्यान आणखी एक बदल झाला आहे आणि त्याचा परिणाम येत्या काही वर्षांत जाणवेल. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी व उलाढालीत १० कोटी, तर लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी व उलाढालीत १०० कोटी झाली. त्याआधी, २०२० च्या व्याख्येनुसार, लघु उद्योगाची उलाढाल ५० कोटींपर्यंतच होती. महागाई व व्यवसायाचा विस्तार लक्षात घेता मर्यादा वाढवणे समजण्यासारखे आहे. तथापि खरेदीचे २५ टक्के तेवढेच राहिले आणि त्यात वाटेकरी मात्र शंभर कोटींच्या उलाढालीचे आले. अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन घेऊन बसलेली उद्योजिका व शंभर कोटींची कंपनी या दोघी यापुढे ‘सूक्ष्म व लघु’ या एकाच रकान्यात मोजल्या जातील, आणि खरेदी अधिकाऱ्याला २५ टक्के गाठणे आणखी सोपे होईल. ‘सूक्ष्म’ उद्योगांचा स्वतंत्र हिस्सा ठरवला नाही तर या धोरणाचा तळचा थर पूर्णपणे कोरडा राहील.

उद्दिष्ट गाठण्यासाठी मार्च महिन्यात जी धावपळ होते तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी संपत आला की मुख्यालयातून टक्केवारी विचारणारे निरोप येऊ लागतात. मग स्टेशनरी, साफसफाईचे साहित्य, भाड्याच्या गाड्या, कुंड्या व रोपे, स्मृतिचिन्हे अशा किरकोळ बाबींतून राखीव पुरवठादार शोधले जातात. आकडा थोडा वर सरकतो. पण ज्या खरेदीवर उपक्रमाचा खरा पैसा खर्च होतो, म्हणजे व्हॉल्व्ह, केबल, रसायने, यंत्रांचे सुटे भाग, देखभालीची वार्षिक कंत्राटे, तेथपर्यंत हे उद्योजक पोहोचतच नाहीत. तेथे मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या याद्या असतात आणि त्या यादीत नाव लागण्याची प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. राखीव खरेदीत दर्जाशी तडजोड करावी, असे मी मुळीच म्हणत नाही. नमुना तपासा, कारखाना तपासा, नापास झाला तर लेखी कारण द्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा संधी द्या, एवढेच म्हणणे आहे. एखाद्याचा नमुना वर्षभर प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिला आणि वर्षअखेरीस त्याचीच गणना ‘पात्र नसलेल्यां’त झाली, तर दोष कोणाचा?

पुरवठादार घडवण्यासाठी सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०१६ मध्ये लुधियाना येथे राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबची सुरुवात झाली. राष्ट्रीय लघु उद्योग महामंडळामार्फत प्रशिक्षण, निविदा भरण्यास साहाय्य, यंत्रसामग्रीवर २५ टक्के भांडवली अनुदान अशा योजना त्यातून राबवल्या जातात. आपल्याकडे पुण्यात २००५ मध्ये स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीने उद्योजक व उपक्रम यांच्या भेटी घडवून आणण्याचे काम केले आहे. परंतु अनुदान घेऊन यंत्र बसवलेल्या उद्योजकाला खरेदीची हमी नसेल तर कर्जाचा हप्ता सुरू होतो आणि यंत्र झाकून ठेवावे लागते. अनुदान एका खात्याचे, खरेदी दुसऱ्याची आणि दोघांच्या कागदांची गाठभेट कुठेच नाही, ही खरी उणीव आहे. ज्याला हबमधून यंत्रासाठी अनुदान मिळाले त्याचे नाव त्या परिसरातील उपक्रमांच्या खरेदी विभागाकडे आपोआप जावे, एवढीही व्यवस्था आपण करू शकलो नाही.

काम मिळाले तरी पैसे वेळेवर मिळणे हा वेगळा अध्याय आहे. २००६ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे देयक कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत चुकते व्हायला हवे. उशीर झाल्यास कलम १६ खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असे कायदा मानतो. ‘जेम’वरही माल पोहोचल्यावर १० दिवसांत स्वीकृतीचे प्रमाणपत्र निघणे आणि त्यानंतर १० दिवसांत पैसे मिळणे अपेक्षित आहे. एवढी चोख तरतूद असूनही व्याज मागणारा पुरवठादार विरळाच, कारण व्याज मागितले की पुढची ऑर्डर जाते असे त्याला वाटते, आणि त्याचे वाटणे अनाठायी नाही. केंद्रीय उपक्रमांना ‘ट्रेड्स’ मंचावर नोंदणी बंधनकारक आहे. तेथे देयक वटवून बँकेकडून लगेच पैसे घेता येतात. मात्र त्यासाठी आधी खरेदीदाराने देयक मान्य करावे लागते आणि गाडी पुन्हा त्याच फाटकाशी येऊन थांबते. मोठी कंपनी सहा महिने थांबू शकते. ज्याच्या घरावर बँकेचा बोजा आहे तो थांबू शकत नाही, म्हणून तो सरकारी कामाच्या वाटेलाच जात नाही, आणि आम्ही पुन्हा लिहितो, ‘सहभाग नाही’.

नावापुरत्या मालकीबद्दल बोलले नाही तर हे पत्र एकांगी होईल. भागीदारीत किंवा खासगी कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींचा असेल तर तो उद्योग त्यांच्या मालकीचा धरला जातो. महिलांबाबतही निकष तसाच आहे. कागदावर ५१ टक्के पत्नीच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावे आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, हे प्रकार होतात. पेट्रोल पंपांच्या राखीव वाटपात मूळ लाभार्थी बाजूला राहून दुसराच पंप चालवतो, ही तक्रार तर जुनीच आहे. आपल्या राज्यात मजूर सहकारी संस्थांना कामवाटपात हिस्सा देण्याची पद्धत आहे आणि त्या संस्थांच्या सभासद यादीत बागायतदार सापडल्याच्या बातम्या आपणही छापल्या असतील. यावर उपाय म्हणून जातीचा दाखला चार वेळा मागणे, हे प्रशासनाला सुचते. त्याने खऱ्या उद्योजकाचीच दमछाक होते, कारण बनावट मालकाचे कागद नेहमीच परिपूर्ण असतात. त्याऐवजी कारखान्याला भेट द्यावी, वाटाघाटीला कोण येतो आणि बँक खात्यावर सही कोणाची आहे ते पाहावे, तांत्रिक प्रश्न मालकालाच विचारावेत. अनुभवी खरेदी अधिकाऱ्याला अर्ध्या तासात उलगडा होतो.

उपकंत्राटांची बाब याहून धूसर आहे. मोठ्या कंपनीने आपल्या कामातील भाग सूक्ष्म व लघु उद्योगांना उपकंत्राटाने दिला तर तोही उद्दिष्टात धरण्याची मुभा धोरणात आहे. कल्पना चांगली आहे. मात्र मोठ्या कंपनीने दिलेला दाखला खरा आहे का, उपकंत्राटदाराला प्रत्यक्षात किती पैसे पोहोचले आणि कधी, याची तपासणी मी तरी होताना पाहिली नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोठ्या सरकारी कंत्राटदारांवर लहान व वंचित समाजाच्या उद्योगांना उपकंत्राटे देण्याचा लेखी आराखडा सादर करण्याचे बंधन घातले. त्याची पूर्तता किती झाली याचे ठरावीक काळाने अहवाल द्यावे लागतात आणि प्रामाणिक प्रयत्नच केले नाहीत असे दिसले तर नुकसानभरपाई वसूल करण्याची तरतूदही आहे. तेथील व्यवस्था आदर्श आहे असे नाही. रिचमंड शहराने कंत्राटांत ठेवलेला ३० टक्क्यांचा हिस्सा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी रद्द केला आणि तेव्हापासून या विषयावर खटल्यांची रांग लागली आहे. पण ‘प्रयत्न केले’ म्हणजे नेमके काय केले, हे कंत्राटदाराला लिहून द्यावे लागते, ही एक गोष्ट आपण उचलण्याजोगी आहे.

ही कल्पना आपल्याकडे आली ती बहुतांशी याच अमेरिकी अनुभवावरून. जानेवारी २००२ मध्ये भोपाळ येथे दलित व आदिवासी विचारवंतांची परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात सरकारी खरेदीत वाटा मागितला गेला आणि तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने त्या दिशेने पावले टाकली. दहा वर्षांनी केंद्राचे धोरण आले, पण त्यात वस्तू व सेवाच आहेत. रस्ते, इमारती, कालवे यांची कामे त्याच्या बाहेर आहेत, असे केंद्रीय मंत्रालयानेच स्पष्ट केलेले आहे, आणि सरकारी पैशाचा मोठा प्रवाह तर तेथूनच वाहतो. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने आपल्या पारदर्शकता कायद्यातच दुरुस्ती करून ५० लाख रुपयांपर्यंतच्या बांधकाम कंत्राटांत अनुसूचित जातींसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामे राखली, पुढे ही मर्यादा १ कोटीपर्यंत वाढवली. मुस्लिमांचा समावेश असलेल्या प्रवर्गाला ४ टक्के देणारे २०२५ चे विधेयक राज्यपालांनी राष्ट्रपतींकडे पाठवले, त्यावरून झालेला वाद सर्वश्रुत आहे. केंद्रीय धोरणात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र हिस्सा नाही. तो असावा का, हा वेगळ्या चर्चेचा विषय आहे. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की जो हिस्सा आधीच मान्य झालेला आहे तो तरी पोहोचावा.

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांची खरेदी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू झालेल्या नियमपुस्तिकेनुसार चालते. केंद्राचा २०१२ चा आदेश राज्याला बांधून घेत नाही. केंद्राच्या खरेदीची आकडेवारी अपुरी असली तरी पोर्टलवर पाहता येते. राज्याची महामंडळे, महापालिका, जिल्हा परिषदा आणि सरकारी रुग्णालये यांनी मागील वर्षात किती खरेदी केली आणि तीत अनुसूचित जाती, जमाती व महिला उद्योजकांचा वाटा किती, हे सामान्य नागरिकाला एका ठिकाणी वाचता यावे, अशी माझी राज्याच्या उद्योग विभागाला विनंती आहे. केंद्राकडे मागणे तीन गोष्टींचे आहे. २०१२ च्या आदेशातील परंतुकात दुरुस्ती करून, तातडीची खरेदी इतरांकडून करण्याची मुभा ठेवावी, मात्र ४ आणि ३ टक्क्यांतील तूट पुढील वर्षाच्या उद्दिष्टात मिळवली जावी व किमान तीन वर्षे ती पुढे ओढली जावी. अनुभव व उलाढालीची सूट नाकारताना ‘जेम’वर कारण नोंदवणे सक्तीचे करावे आणि ते कारण सर्वांना दिसावे. प्रत्येक उपक्रमाने वर्षारंभी जी वार्षिक खरेदी योजना संकेतस्थळावर ठेवणे या धोरणानेच बंधनकारक केले आहे, तिच्यात राखीव बाबींची यादी स्वतंत्रपणे द्यावी. आज अनेक संकेतस्थळांवर ही योजना सापडत नाही किंवा सापडली तर दोन वर्षांपूर्वीची असते.

उपक्रमांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात आणि यांपैकी बऱ्याच कंपन्यांचे शेअर आपल्या वाचकांकडे असतील. भागधारकाला सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. गेल्या वर्षी किती राखीव पुरवठादारांचे नमुने तपासणीसाठी आले, किती नाकारले गेले आणि कोणत्या कारणाने, एवढे जरी अध्यक्षांना विचारले तरी उत्तर तयार करण्यासाठी खरेदी विभागाला ते कपाट उघडावे लागेल.

आपला,
साहित्य व्यवस्थापन विभागातून निवृत्त झालेला एक वाचक, नाशिक